धाकट्याचं आभाळ

घरात दोनच मुलं, थोरली आणि धाकटा. थोरली आईच्या हाताखाली सूत रंगवायला शिकली आणि धाकटा विद्यापीठात वेबसाइट बनवायला शिकायला गेला. शेजारपाजारच्यांना हे शिक्षण म्हणजे नेमकं काय ते कधीच उमगलं नाही. "कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकतोय का हो?" असं कुणी विचारलं की आई ठसक्यात सांगायची, "दुरुस्त नाही, पानं बनवतो तो. काचेच्या आतली." तिला याहून जास्त माहीत नव्हतं, पण जेवढं माहीत होतं तेवढं काही खोटं नव्हतं.

धाकट्याला ते शिक्षण पहिल्या दिवसापासून मानवलं. त्यांची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, चार रांगा, रांगेत सहा-सहा कॉम्प्युटर, आणि उजेडाचा त्रास नको म्हणून खिडक्यांवर जाड पडदे ओढलेले. भर दुपारी चोवीसच्या चोवीस स्क्रीन चालू असले की ती खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसायची. मुलांचे चेहरे निळसर, हालचाली संथ, बोलणं कुजबुजतं. धाकटा तिथे बसला की त्याला तहानभूक राहायची नाही. आधी पानाचा सांगाडा लिहायचा, मग त्यावर साज चढवायचा, आणि सगळ्यात शेवटी जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहून त्यात जीव फुंकायचा. एवढंसं काही लिहिलं की कोऱ्या पांढऱ्यात कुठेतरी काहीतरी उमलायचं. एकदा त्याने पानावर नुसतं एक वर्तुळ सोडलं, माउसच्या मागे मागे हळूच येणारं, आणि तासभर तो त्याला इकडून तिकडे फिरवत बसला. शेजारचा मुलगा म्हणाला, "काय रे, कुत्रं पाळलंयस का?"

त्रास होता तो एकाच गोष्टीचा. प्रयोगशाळेच्या दाराशी एक छोटा स्क्रीन लावलेला होता. त्यावर चोवीस जागांचे चोवीस ठिपके. कुणी आधीच राखून ठेवलेली जागा असेल तर ठिपका लाल, मोकळी असेल तर हिरवा. धाकटा त्या स्क्रीनकडे बघायचा, आत जाऊन बसायचा, आणि दहा मिनिटांत कुणीतरी खांद्यावर थाप मारायचं, "ऊठ भावा, माझी जागा." आठवड्यातून तीनदा तरी. वर्गाने त्याचं नाव घुसखोर पाडलं. धाकटाही हसायचा. आपलं लक्षच नसतं, आपण पहिल्यापासून वेंधळे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. घरीही सगळे तेच म्हणत आले होते.

पहिलं सत्र निम्मं झालं तेव्हा मॅडमनी काम दिलं. तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असलेल्या एखाद्या कामाच्या जागेची वेबसाइट बनवा. धाकट्याला विचारच करावा लागला नाही. आईचं अंगण! दोन बाजूंना बांधलेले दोर, त्यांवर वाळत टाकलेल्या सुताच्या लडी, कडेला रंगाचे तीन हौद, कोपऱ्यातलं झाड आणि सकाळी सकाळी जमिनीलगत रेंगाळणारं धुकं. त्याने सगळं स्वतः काढलं. पान खाली सरकवलं की लडी वाऱ्याने हलल्यासारख्या हलायच्या, आणि एकेका लडीवर बोट ठेवलं की ती कशी रंगवली ते सांगणारं पान उघडायचं. तीन आठवडे तो त्या अंगणातच राहत होता म्हणा ना.

मॅडम म्हणजे आखूड पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "ठीक." आणि तीही वर्षातून दोघातिघांच्या वाट्याला यायची. त्या दिवशी मात्र त्यांनी वर्गात आल्या आल्या दिवे बंद केले आणि समोरच्या भिंतीवर धाकट्याचं अंगण उमटवलं.

मुलं पुढे झुकली. कुणीतरी मागून "आईशप्पथ!" म्हणालं.

"ज्यांनी ज्यांनी आभाळ काढलं," मॅडम म्हणाल्या, "त्यांनी ते निळं काढलं, कारण आभाळ निळं असतं. इथे एकाने मात्र धाडस केलंय. हे जांभळं आभाळ बघा. हे गुलाबी धुकं. झाडाची ही तपकिरी पानं. हे अंगण बघितलेलं नाही, स्वप्नात पडलेलं आहे." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "सांग सगळ्यांना. हे रंग तुला कसे सुचले?"

धाकटा उभा राहिला. छाती भरून आली होती. त्याने भिंतीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"मॅडम, आभाळ निळंच आहे," तो म्हणाला.

वर्ग खो-खो हसला. मुलाने काय टोला हाणला असं वाटलं सगळ्यांना.

"आणि धुकं करडं आहे," धाकटा म्हणाला. "पानं हिरवी आहेत. मी तर जसं आहे तसंच..."

हसणं आपोआप विरत गेलं. कुणी दटावलं नाही, पण एकेक जण गप्प होत गेला, आणि शेवटी फक्त कॉम्प्युटरच्या पंख्यांची घरघर उरली. तोंडात मारल्यासारखा धाकटा खाली बसला.

मॅडमनी तास लवकर संपवला आणि त्याला थांबवून घेतलं. आपल्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक चित्र उघडलं. एक मोठं वर्तुळ, आत शेकडो लहानमोठे ठिपके.

"यात कुठला आकडा दिसतो?"

"बारा."

"यात?"

"यात आकडा आहे?"

त्यांनी आणखी सहा वर्तुळं दाखवली. धाकट्याला सहाही वेळा नुसते ठिपके दिसले, वाळूत सांडलेल्या मण्यांसारखे. मॅडमनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"हे बघ, हा काही आजार नाही. लाल आणि हिरवा यांतला फरक तुझ्या डोळ्यांना पकडता येत नाही, आणि त्यामुळे त्यांच्या आसपासचे रंगही फसवतात. पुष्कळ पुरुषांना असतं हे. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घे, म्हणजे खात्री होईल." मग त्या म्हणाल्या, "भर वर्गात व्हायला नको होतं. मला कळायला हवं होतं."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत खात्री करून दिली. धाकटा दवाखान्यातून बाहेर पडला आणि वाट फुटेल तिकडे चालत सुटला. दुपार होती. रस्ता नेहमीचाच होता, पण एकेका गोष्टीपाशी पाय थांबत होते. फळवाल्याने रचलेली फळं. दोरीवर वाळणारे कपडे. लाल म्हणून सगळे ज्याच्यापाशी थांबतात तो सिग्नल, जो त्याला वरचा दिवा म्हणून माहीत होता. एक बाई अंगावर कुठल्याशा रंगाचा पदर घेऊन समोरून गेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांनी वळून बघितलं. धाकट्याला त्यात वळून बघण्यासारखं काही दिसलं नाही. त्याच्या मनात आलं, आपण ज्या शहरात राहतो त्याच जागी आणखी एक शहर आहे. सगळे त्या शहरात राहतात, तिथल्याच रस्त्यांवरून चालतात, आपल्याशी बोलताना जरासे इकडे डोकावतात एवढंच. आणि एकोणीस वर्षांत कुणी आपल्याला सांगितलं नाही!

खोलीवर त्याचा सोबती लंबू वाट बघत होता. लंबूचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं म्हणून तो कायम थोडा वाकलेला असायचा, आणि आता तर काय बोलावं ते न सुचून आणखीच वाकला होता. बराच वेळ चुळबुळ करून शेवटी त्याने विचारलं, "मग मी... मी कसा दिसतो तुला?"

"लांब," धाकटा म्हणाला.

दोघंही हसले. पण त्या हसण्यानंतर धाकट्याने भिंतीकडे तोंड केलं, आणि लंबूने दिवा मालवला.

शनिवारी सकाळची बस पकडून तो घरी गेला. आई अंगणात होती. कोपरापर्यंत हात रंगलेले, पदर खोचलेला, हौदातली लड लांब काठीने उचलून पुन्हा बुडवत होती. त्याला अवेळी आलेला बघून तिचा चेहरा उजळला. धाकट्याने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. दोरावरच्या एका लडीला हात लावून त्याने विचारलं, "आई, ही कुठल्या रंगाची?"

आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि हातातली काठी हळूच हौदाच्या काठाला टेकवली.

"कळलं तुला," ती म्हणाली.

म्हणजे हिला ठाऊक होतं! धाकट्याला वाटलं होतं, आई दचकेल, रडेल, डॉक्टर काय म्हणाले विचारेल. ही तर अशी उभी होती जशी पाहुणे येणार हे आधीच माहीत असावं.

"सहा वर्षांचा होतास," ती खाली बसत म्हणाली. "तुला म्हटलं, लाल लड आण. तू हिरवी आणलीस. परत पाठवलं, पुन्हा हिरवीच. मला वाटलं मस्करी करतोस. तिसऱ्यांदा आणलीस तेव्हा तुझा चेहरा बघितला, रडवेला झाला होतास. मग मी लडी बांधायच्या दोऱ्याला गाठी मारायला लागले. एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा, तीन गाठी तपकिरी."

धाकटा बघतच राहिला. गाठी त्याला आठवत होत्या. बोटांना आठवत होत्या. सगळेच रंगारी तशा गाठी मारतात, ती धंद्याची रीत आहे, असंच तो समजत आला होता. शाळेच्या रंगपेटीतल्या खडूंनाही आईने नखाने खुणा करून दिल्या होत्या. तेही, हरवू नयेत म्हणून, असं तिनेच सांगितलं होतं.

"आणि ताई?"

"तिला मीच दम दिला होता. अळीमिळी गुपचिळी. तिने तोंड उघडलं नाही कधी."

"का पण?" त्याचा आवाज चढला. "भर वर्गात माझा रंगाचा बेरंग झाला, आई! मी उभा राहून सांगतोय, आभाळ निळं आहे, आणि सगळं जग हसतंय. तू एकदा, फक्त एकदा सांगायचं होतंस."

आई हाताला लागलेला रंग अंगठ्याने खरवडत राहिली. तो निघणारा नव्हता, हे तिला माहीत होतं.

"तू या लडींखाली उताणा पडून राहायचास," ती म्हणाली. "तास तास. मी विचारायचे, काय बघतोस, तर म्हणायचास, रंग. एवढा खूश असायचास. तुला जे दिसतंय ते तुला पुरतंय, मग मी कशाला त्यात उणं काढू, असं वाटायचं मला. आज सांगू, उद्या सांगू, करता करता तू मोठा झालास."

"मी हे शिकायला निघालो तेव्हा तरी?"

"तू म्हणालास प्रोग्रामिंग. मला वाटलं, आकड्यांचं काम असेल. त्यात रंग लागतात हे मला मेलीला कुठे ठाऊक!"

दुसरी वेळ असती तर धाकटा पोट धरून हसला असता. आज मात्र त्याने पिशवी नेऊन ओट्यावर ठेवली. आई म्हणाली, "चुकलं माझं." आईच्या तोंडून हे शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले, आणि ते घेऊन कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. जेवण झालं, इकडचं-तिकडचं बोलणं झालं, आणि रविवारी सकाळी तो निघाला. थोरली त्याला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "रोज सकाळी उठून गाठी मारायची रे ती. तू दहावीला जाईपर्यंत. मी म्हणायचे, एवढं काय ते, सांगून टाक. तर म्हणायची, मला वेळ आहे."

सोमवारी धाकटा अर्ज घेऊन मॅडमच्या खोलीत गेला. डिझाइनचा विषय सोडून नुसतं प्रोग्रामिंग घ्यायचं होतं. त्यात आकडे असतात, आणि आकडे सगळ्यांना सारखेच दिसतात.

मॅडमनी अर्ज वाचला, घडी घातली आणि खणात ठेवला.

"सही करेन. सत्र संपल्यावर," त्या म्हणाल्या. "तोवर एक काम कर. प्रयोगशाळेच्या दाराशी जागा दाखवणारं पान आहे ना, लाल आणि हिरव्या ठिपक्यांचं? ते नव्याने बनव."

धाकट्याच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. घुसखोर! खांद्यावरच्या त्या सगळ्या थापा! तो उभ्या उभ्या लाल झाला, किंवा लोक जे काय होतात ते झाला.

"मॅडम, ते पान बनवलं कुणी?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "चार वर्षं झाली. रोज त्याच्यासमोरून जाते. काखेत कळसा नि गावाला वळसा. मुलांना शिकवते, सगळ्यांना वाचता येईल असं बनवा, आणि माझ्याच दाराशी..." त्यांनी खण बंद केला.

धाकटा आणि लंबू दोघं कामाला लागले. रंगाच्या भरवशावर काहीच ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मोकळी जागा म्हणजे रिकाम्या खुर्चीची नुसती रेघ. राखलेली जागा म्हणजे गच्च भरलेला चौकोन, आणि त्यात शब्द, "घेतली". शिवाय ज्याला दिसतच नाही त्याला यंत्राने वाचून दाखवावं म्हणून प्रत्येक चौकोनामागे पूर्ण वाक्य लिहिलं, "दुसरी रांग, चौथी जागा, मोकळी." पान तयार झालं त्या सकाळी त्यांनी ते दाराशी लावलं आणि कोण काय करतं ते बघायला बाजूला उभे राहिले.

पहिले आले ते गस्तवाले काका. प्रयोगशाळा सांभाळणारे, दोन वर्षांत निवृत्त होणारे. दर दहा मिनिटांनी चारही रांगांतून एक फेरी मारायचे म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं होतं. फार कडक आहेत, कुणी खेळ खेळत बसलंय का बघतात, असं सगळ्यांचं मत. काका दाराशी थबकले. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी नवं पान निरखलं.

"हे काय? मोकळ्या जागा दाखवतं होय हे?"

"आधीही दाखवायचं, काका," लंबू म्हणाला.

"आधी कुठे? आधी नुसती टिकल्यांची नक्षी होती. एकसारख्या टिकल्या. मला रांगांतून फिरून मोजाव्या लागायच्या की रे जागा. फेऱ्या घालून पाय गेले माझे."

लंबूने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने काकांचा हात धरून त्यांना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी नेलं, खुर्चीत बसवलं आणि ठिपक्यांचं वर्तुळ उघडलं.

"काका, यात आकडा दिसतो का?"

"कुठला आकडा? वाळू आहे ही."

"हो," धाकटा म्हणाला. "मलाही वाळूच दिसते."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं, मॅडमनी त्याला सांगितलं होतं तसंच, हळू आवाजात. काका ऐकत होते. समोर वर्तुळ तसंच उघडं होतं, आणि त्याच्या उजेडात दोघांचे चेहरे दिसत होते, एक सुरकुतलेला, एक कोवळा. बऱ्याच वेळाने काकांनी चष्मा काढला.

"म्हणजे तीस वर्षं," ते म्हणाले, "माझी बायको म्हणतेय, बाजारातून टोमॅटो आणले की निम्मे कच्चे असतात, तुम्हाला डोळे आहेत की भोकं? आणि मी म्हणतोय, भाजीवाला लबाड आहे. चार भाजीवाले बदलले मी!" ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि पुन्हा हसले. दाराशी जमलेल्या मुलांना कळेना, गस्तवाल्या काकांना झालं काय.

त्या दिवसापासून काका दुपारी फेरी मारायच्या ऐवजी धाकट्याशेजारी येऊन बसायला लागले. "आज वर्तमानपत्रात नकाशा होता," ते म्हणायचे. "सगळा एकाच रंगाचा. तुला?" "मलाही, काका." एवढंच बोलणं. पण धाकट्याला त्या दोन वाक्यांनी दिवसभर बरं वाटायचं.

पुढे एकदा मॅडमनी त्याला कागदावर एक चौकट काढून दिली. तीन रांगा, तीन उभ्या ओळी, नऊ आकडे. "स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे," त्या म्हणाल्या. "किती लाल, किती हिरवा, किती निळा. ते तीन आकडे या नऊ आकड्यांतून गाळून घेतले की जे उरतं ते साधारण तुझ्या डोळ्यांना दिसतं. साधारण हं. डोळा काही गणितात पुरता बसत नाही. करून बघ."

धाकट्याने थोरलीकडून अंगणाचा फोटो मागवला. तिने सकाळचा पाठवला, सगळे दोर लडींनी भरलेले. त्याने पान बनवलं, फोटो बसवला, खाली एक बटण ठेवलं, बटणामागे नऊ आकडे ठेवले. बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. अंगण जसंच्या तसं. त्याने ओळ न् ओळ तपासली. कंस बघितले, स्वल्पविराम बघितले, आकडे कागदाशी ताडून बघितले. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून नव्याने लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वैतागून बटण उगीचच दाबत बसला होता, टकटक, टकटक, आणि लंबू मागून पाण्याची बाटली घेऊन चालला होता. तो एकदम थांबला.

"अरे बाप रे! काय केलंस हे?"

"काय झालं?"

"सगळं बदलतंय की! आत्ता होतं, आता गेलं, आता परत आलं!"

"मला तर काहीच बदललेलं दिसत नाही," धाकटा म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग लंबू हळूच म्हणाला, "म्हणजे बरोबर आहे तुझं."

बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. धाकट्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, दोरावरच्या लडींवरून ते हळूहळू फिरवलं. जे पान चाललंय की नाही ते त्याला स्वतःला कधीच कळणार नव्हतं, असं पान त्याने बनवलं होतं.

सत्राच्या शेवटी मुलांच्या कामांचं प्रदर्शन असायचं, घरच्यांना बोलावून. धाकट्याने आईला फोन केला. घरून परतल्यापासून त्याने फोनवर नुसतं हो-नाही केलं होतं. "ये," तो म्हणाला. "दुपारी दोन वाजता. ताईलाही आण." आई पलीकडून म्हणाली, "बारालाच पोचते."

ती खरंच बाराला पोचली. धुवट साडी, रंगलेली नखं पदराआड. त्या अंधाऱ्या, उजळ खोलीत शिरताना तिने चपला दाराबाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. थोरली म्हणाली, "अगं, चपला घाल!" तर म्हणाली, "असू दे, बरं वाटतं." काकांनी तिला खुर्ची आणून दिली. धाकट्याने फोटो उघडला.

"हे आपलं अंगण."

"हो की. ही पिवळी मी सोमवारी काढली."

"आता हे बटण दाब."

"मोडणार नाही ना काही?"

"नाही मोडत."

आईने तर्जनीने, गरम तव्याला लावावं तसं, बटण दाबलं. आणि हात तसाच हवेत राहिला.

"विझलं की रे सगळं," ती म्हणाली.

धाकट्याने स्क्रीनकडे पाहिलं. त्याला काय विझलं ते दिसत नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आधी तिचे डोळे भरून आले. मग ते स्क्रीनवर हलू लागले, या दोरावरून त्या दोरावर. हळूहळू तिची मान एका बाजूला कलली. हौदातला रंग उतरला की चढला ते जोखताना ती तशी कलायची.

"थांब," ती म्हणाली. "पिवळा तसाच आहे. आणि निळा बघ. निळा केवढा पुढे आलाय! तांबडं बोलायचं थांबलं आणि हा बोलायला लागला." ती आणखी जवळ वाकली. "चाळीस वर्षं निळीत हात घालतेय मी. मला नव्हता दिसला हा असा."

मागे लोक खोळंबले होते. थोरलीने खांद्याला हात लावला, "आई, बाकीच्यांनाही बघायचंय." आई म्हणाली, "थांब गं जरा. आत्ताच तर आलेय." आणि तिने बटण परत दाबलं नाही. मॅडम मागच्या रांगेत उभ्या होत्या. धाकट्याची आणि त्यांची नजरानजर झाली तेव्हा त्यांनी बोटांनी हवेत सही केल्यासारखं केलं आणि भुवई उंचावली. धाकट्याने मानेनेच नको म्हटलं. त्याचा अर्ज खणातच राहिला, पुढच्या वर्षीही.

सुट्टीत तो घरी आला तेव्हा आईने अंगणात एक नवा दोर बांधून ठेवला होता, आणि लहान पातेल्यांत नमुन्याचे आठ-दहा रंग कालवून ठेवले होते. सकाळ होती, धुकं जमिनीपासून वर निघालं होतं. धाकट्याने पिशवी ओट्यावर टाकली आणि बाह्या सरसावल्या. आईने दोन ओल्या लडी त्याच्यासमोर धरल्या.

"या दोन? वेगळ्या दिसतात?"

"एकच."

"बरं." तिने एका पातेल्यात निळीची एक पळी ओतली, काठीने ढवळलं, त्यांतली एक लड बुडवली, पिळली, दुसरीशेजारी वर धरली. तिच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

"आता?"

धाकट्याने निरखून पाहिलं. "आता वेगळ्या. पण थोड्याशाच."

"आणखी घालू?"

"अर्धी पळी," तो म्हणाला, आणि लड धरायला पुढे झाला.